तांब्याच्या गावात हेडफोन निवडताना

"कान झाकून गाणं ऐकायचं, हे मले पटतच नाही," मामाजींनी पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकला.

मुद्दा असा होता. मलाजखंडच्या भजनमंडळाची भजनं आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना अजून पाठ असलेली भुलाबाईची, लग्नाची गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवायची. त्यासाठी एक स्टुडिओ हेडफोन घ्यायचा आणि तोच एरवी घरी गाणी ऐकायलाही वापरायचा. मी बंद पाठीच्या हेडफोनच्या बाजूची, म्हणजे ज्याच्या वाट्या मागून पूर्ण झाकलेल्या असतात त्या. मामाजी विरुद्ध. त्यांनी जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलं, मंडळात ते हार्मोनियम वाजवतात आणि आवाजाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. मी नागपूरला ध्वनिसंकलन करते, माझीही मतं पक्की आहेत. आमचा वाद इथे सविस्तर देते आहे, कारण लहान गावात घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्या हेडफोनच्या जाहिरातीत कुठेच नसतात.

"मग मागून जाळी असलेला, उघडा हेडफोन घेऊ म्हणता?" मी विचारलं.

"काहून नाही? त्याच्यात हवा खेळते. आवाज डोक्यात कोंडत नाही. मागं तूच तं म्हणत होती, का उघडा हेडफोन मोकळा वाटते."

"ऐकायला मोकळाच वाटतो. १९६८ साली सेनहायझर कंपनीनं एचडी ४१४ काढला, तो बाजारात आलेला पहिला उघडा हेडफोन. तोवर सगळे बंद आणि बहुतेक जड. शांत खोलीत निवांत बसून ऐकायचं असेल तर आजही मी उघडाच सुचवीन. पण मामाजी, तुम्ही माइकसमोर गाणार आणि तुमच्या कानात तानपुरा, तबल्याचा ठेका वाजणार. उघड्या वाटीतून तो ठेका बाहेर येणार आणि तुमच्या आवाजाबरोबर माइकमध्ये शिरणार. एकदा शिरला की शिरला. उद्या ठेका बदलायचा म्हटलं, तरी जुन्या ठेक्याची टिकटिक गाण्याखाली ऐकू येत राहणार."

"तं कानात ठेका पाहिजेच कशाले? तबलजी समोर बसला राहते ना!"

या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न योग्यच होता. मुंबईच्या स्टुडिओंत १९५० आणि ६० च्या दशकांत गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी वाजत-गात. आज आपण ज्या गाण्यांवर जीव टाकतो, त्यांतली कितीतरी अशीच तयार झाली. एकेक वाद्य वेगळं नोंदवून नंतर जुळवायची पद्धत पुढे आली आणि तिच्याबरोबर गायकाच्या कानावर बंद हेडफोन चढला. भजनमंडळाचं गाणं मुळात पहिल्या पद्धतीचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर जी भजनं विदर्भभर आणि विदर्भाबाहेर नेली, त्यांच्यात सांगणारा, वाजवणारा आणि मागून धरणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. मान हलली की समजतं, आता उचलायचं. प्रत्येकाच्या कानावर वाट्या चढवल्या, तर ही देवाणघेवाण निम्मी मरते.

म्हणून मी तेवढं मान्य केलं. मंडळ एकत्र बसून गाणार असेल, तर गाणाऱ्यांना हेडफोन नको. दोन चांगले माइक योग्य जागी ठेवायचे, पंखा बंद करायचा, खिडकीला गोधडी लावायची.

"मंग झालं तं! हेडफोनचे पैसे वाचले."

"नाही वाचले. रेकॉर्डिंग करणारीला लागतोच. शिवाय तुमचे तबलजी गोंदियाला राहतात. ज्या दिवशी ते येऊ शकणार नाहीत, त्या दिवशी तुम्ही ठेक्यावर गाऊन ठेवायचं आणि ते नंतर तुमचा आवाज कानात ऐकत तबला वाजवणार. तेव्हा बंद हेडफोन नसेल, तर तुमचं सगळं भजन तबल्याच्या माइकमध्ये दुसऱ्यांदा येईल."

मामाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन एक जुना, मुका झालेला हेडफोन, इस्त्री आणि मल्टिमीटर घेऊन आले. वाइंडिंगवाल्यांच्या बोलीत इस्त्री म्हणजे सोल्डरिंगची. वर्तमानपत्र अंथरलं आणि हेडफोन उघडला.

पुढचा अर्धा तास मला फार आवडला. वाटीच्या आत पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा, त्याच्या मागे चिकटवलेलं बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं वेटोळं, आणि वेटोळ्याच्या मधोमध चुंबक. वेटोळ्याची तार केसाहून बारीक. वीज आली की वेटोळं चुंबकाभोवती आत-बाहेर हलतं, पडदा हलतो, हवा हलते. मामाजींनी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया वेटोळ्याच्या टोकांना लावल्या. आकडा आला, ३१ ओहमच्या आसपास. म्हणजे वेटोळं शाबूत होतं, तुटली होती ती जोडतार. तीही त्यांनी सोलून दाखवली. आत तांब्याच्या तारा लाल आणि हिरव्या रंगाच्या, मधे धाग्याचे तंतू. "हा रंग नाही, एनॅमल आहे. लोक असंच सोल्डर मारतात आनि म्हणतात का चिकटत नाही. पहिले टोक जाळायचं, मंग कथील लावायचं." त्यांनी तसं केलं. वाटी कुजबुजली आणि मग बोलायला लागली.

"आता सांग, तुह्या त्या महागाच्या हेडफोनची तार तुटली तं काय करशील?"

हेडफोनमध्ये बहुतेक वेळा पहिला जीव सोडते ती तार. पिनजवळ किंवा वाटीजवळ ती वाकून वाकून तुटते. त्यामुळे तार काढता-घालता येते का, हा माझ्या मते निवडीचा फार वरचा प्रश्न आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एम ५०, २००७ चा, त्याची तार पक्की होती. २०१४ साली आलेल्या एम ५०एक्समध्ये ती सुटी झाली आणि खोक्यात तीन तारा आल्या. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत आणि बातमीदारांच्या गळ्यात दिसतो, पण त्याची गुंडाळीची तार पक्कीच. जर्मनीच्या बायरडायनॅमिकचा डीटी ७७०, १९८५ पासूनचा, तोही कित्येक वर्षं पक्क्या तारेचाच. अलीकडच्या एक्स आवृत्तीत ती सुटी झाली. उलट डीटी ७७० चे जवळपास सगळे भाग, गाद्या, पट्टा, वाट्या, वेगळे मिळतात. मी हे सगळं सांगितलं. मामाजींचं म्हणणं वेगळं होतं: "तार पक्की राहू दे. मी आहे ना! सुट्या तारेची ती बारकी पिन इथं कोण विकते? मलाजखंडले नाही भेटत, बैहरले नाही भेटत. साधी तार कुठंही भेटते."

हे मला सुचलं नव्हतं. नागपूरच्या माणसाला सुटी तार सोयीची. ज्या गावात कुरिअरची वाट बघावी लागते पण हाताशी कारागीर आहे, तिथे हिशेब उलटतो.

वेटोळं उघडं पडलंच होतं, तर बोलणं तांब्याकडे गेलं. ते इथे टाळणं शक्यही नाही. मलाजखंडची खाण हिंदुस्तान कॉपरची, १९८२ पासूनची. दशकानुदशकं तो डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी खाली कापत नेला, आणि आता काम जमिनीखाली गेलं आहे. या दगडात तांबं शेकडा एकाच्या आसपास. बाकी सगळा कचरा. दगड दळून, पाण्यात फेस काढून तांब्याची भुकटी वेगळी करायची. ती पूर्वी राजस्थानात खेत्रीला वितळवायला जाई. कंपनीचा तारेसाठी सळई ओतणारा कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, तळोज्याला, १९८९ पासूनचा.

"म्हणजे हे तांबं आमच्याच दगडातलं असू शकते," मामाजी म्हणाले.

"हेडफोनमध्ये कदाचित नाही. बऱ्याच हेडफोनच्या वेटोळ्याची तार निव्वळ तांब्याची नसते. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. एम २०एक्सपासून एम ५०एक्सपर्यंत सगळ्यांत तीच."

त्यांचा चेहरा पडला. मग लगेच कारण शोधायला लागले आणि त्यांनीच ते काढलं: ॲल्युमिनियम हलकं. वेटोळं हलकं असेल तर वरचे सूर चटकन उचलेल, मंजिरीचा ठोका स्पष्ट येईल. निव्वळ ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, म्हणून वर तांबं. "मोटारीत वजन चालते, इथं नाही चालत." इतक्या थोडक्यात हे मला कोणी समजावलं नव्हतं.

मीही त्यांना एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत यूटा राज्यात नेथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं १९१० च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवले आणि नौदलाला विकले. त्याच्या एकेका वाटीत मैलभर बारीक तांब्याची तार होती, असं सांगतात. मामाजी म्हणाले, "मैलभर? कोणत्या गेजची?" आणि पाच मिनिटं मनातल्या मनात हिशेब करत बसले.

यातूनच ओहमचा प्रश्न निघाला. खोक्यावर ३२, ३८, ६३, ८०, २५० असे आकडे असतात आणि घेणारे घाबरतात. डीटी ७७० च मुळी ३२, ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या ओहमांत मिळतो. मी समजावायला सुरुवात केली, पण इथे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळत होतं. तेवढ्याच जागेत तार बारीक करून फेरे वाढवले की ओहम वाढतात. व्होल्ट तेवढेच राहिले, तर जास्त ओहमचं वेटोळं कमी वीज घेतं. मोबाइल किंवा लहान इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारा डबा, फार व्होल्ट देत नाही. त्यावर ३२ च्या जागी २५० ओहमचा तोच हेडफोन लावला, तर आवाज सुमारे ९ डेसिबल खाली येतो. ऐकू येतो, पण भजनातला हळू भाग खुज्या आवाजात ऐकावा लागतो.

"मंग ३२ चा घे आणि मोकळी हो."

"एकच लावायचा असेल तर ठीक. पण एका भोकातून दोन काढायचे, एक गाणाऱ्याला, एक मला, तर?"

"समांतर जोडले तं निम्मे. सोळा." ते क्षणभर थांबले. "मंग त्या डब्याले जड जाईन."

म्हणूनच घरगुती स्टुडिओसाठी ८० ओहमचा मधला पर्याय मला बरा वाटतो: मोबाइलवर चालतो, इंटरफेसवर चांगला चालतो आणि दोन जोडले तरी भार ४० वरच थांबतो. पण दोन वेगळ्या जातींचे हेडफोन एका दुभाजकावर लावू नयेत, हेही तितकंच खरं. व्होल्ट दोघांना सारखे, पण एक जोरात वाजतो आणि दुसरा हळू. भांडण लागायला तेवढं पुरतं. चार वाटांचा, प्रत्येक वाटेला वेगळा कान असलेला लहानसा हेडफोन ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळतो आणि हा प्रश्न मिटवतो. "कान" म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा खुंटा, मामाजींच्या दुकानात तसंच म्हणतात.

ब्लूटूथचा विषय मामाजींच्या नातवानं काढला. तारच नको, तर तुटायचा प्रश्न नाही! त्याला मी हिशेब सांगितला. ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा तबलजी जवळजवळ ७० मीटर लांब बसल्यासारखा. अशा तबल्यावर समेला कोण येणार? ऐकायला ब्लूटूथ खुशाल वापरावा. गाताना मात्र तार हवीच, आणि इंटरफेसवर स्वतःचा आवाज संगणकातून न फिरवता थेट कानात घ्यायची सोय असेल तर तीच वापरावी.

दुसऱ्या दिवशी मी माझा बंद हेडफोन मंडळात नेला. आणि मामाजींची खरी हरकत तिथे कळली. मी त्यांना वाट्या चढवल्या, तानपुरा सुरू केला. त्यांनी सा लावला आणि लगेच हेडफोन उतरवला.

"माहा आवाजच मले ओळखू नाही येऊन राहिला. घागरीत तोंड घालून गाऊन राहिलो असं वाटते."

कोणीही आत्ता करून पाहावं. दोन्ही कानांत बोटं घालायची आणि खर्जात 'सा' धरायचा. आवाज डोक्यात घुमतो. आपला आवाज हाडांमधून कानात येत असतोच. कान उघडे असताना त्याचे खालचे सूर बाहेर निसटतात, कान झाकले की ते आतच कोंडतात. बंद वाटी जितकी घट्ट आणि लहान, तितका हा घुमारा जास्त. वाटी मोठी, आत हवा जास्त असेल तर कमी. गाणारा या घुमाऱ्यानं फसतो. स्वतःला जाड ऐकू येतं म्हणून दबून गातो, नाही तर सुराचा नेम हुकतो. कानातला तानपुरा फार मोठा ठेवला तर आणखी बिघडतो, कारण खूप जोरात ऐकताना सूर जरा सरकल्यासारखा भासतो. अनुभवी गायक यावर फार जुना उपाय करतात: एक वाटी कानावर, दुसरी कानामागे. मामाजींनी न सांगता तेच केलं आणि सूर जागेवर आला.

"म्हणजे अर्धा हेडफोन पुरतो!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय होता.

पुरतो, पण किंमत मोजून. उघडी राहिलेली वाटी हवेत वाजते आणि तिच्यातला ठेका माइकमध्ये जातो. तेव्हा ती वाटी कानामागे डोक्याला, केसांवर दाबून ठेवायची, किंवा तिच्यात आवाजच सोडायचा नाही.

मग बायांची पाळी आली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया डोक्यावरचा पदर काढत नाहीत, आणि काढा म्हणायचा मला अधिकार नाही. पदरावरून वाटी ठेवली तर गादी आणि कान यांच्यात कापडाची घडी येते, फट राहते आणि खालचे सूर गळतात. कानातले झुमके गादीखाली टोचतात. बंद हेडफोनचा खर्ज त्या गादीच्या घट्ट बसण्यावर उभा असतो. फट पडली की ढोलक टिपरीसारखी वाजते. चष्म्याची काडीही तेच करते. मामाजींचा चष्मा जाड काडीचा आहे, त्यामुळे त्यांना जो हेडफोन "खर्ज नसलेला" वाटला, तोच मला भरलेला वाटत होता. आम्ही दोघं तासभर एकाच हेडफोनबद्दल दोन वेगळ्या गोष्टी बोलत होतो.

म्हणून मी आता कोणालाही पहिली परीक्षा हीच सांगते. ढोलक किंवा तबल्याचा डग्गा ठळक असलेलं गाणं लावा आणि दोन्ही तळव्यांनी वाट्या अलगद दाबा. दाबल्यावर खर्ज वाढला, तर ती गादी तुमच्या डोक्यावर बसत नाही. मग त्या हेडफोनची कितीही ख्याती असो. बाया गाताना मी वाटी पदराखालून घातली, झुमके उतरवायला सांगितले नाहीत, आणि ज्यांना नको त्यांना नको म्हटलं. त्या तशाच गायल्या आणि ते गाणं सगळ्यांत सुंदर आलं. मामाजी बाजूला बसून हसत होते. मीही वाद घातला नाही, कारण त्या गाण्याला ठेका नव्हताच.

उरलं ते माझं स्वतःचं काम. मी त्याच खोलीत बसून रेकॉर्ड करत होते. बंद हेडफोन बाहेरचा आवाज किती अडवतो? सेनहायझरच्या एचडी २८० प्रो साठी कंपनी ३२ डेसिबलपर्यंत सांगते, डीटी ७७० साठी साधारण १८. हे आकडे मुख्यतः वरच्या सुरांसाठी खरे. डग्गा, हार्मोनियमचा खर्ज, रस्त्यावरचा ट्रक, हे सगळं वाटीतून आत येतंच. त्यामुळे समोर मंडळ गात असताना कानात जे ऐकू येतं, ते अर्धं माइकचं आणि अर्धं खोलीचं असतं. त्यावर भरवसा ठेवून माइक हलवू नये. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, सगळ्यांना थांबवा, शांततेत ऐका, मग हलवा. वाजत असताना हेडफोनचा उपयोग वेगळा: खरखर, तुटणारी तार, माइकवर आपटणारा श्वास, कोणाच्या तरी मोबाइलची गुरगुर. या चुका पकडायला बंद हेडफोनसारखं साधन नाही.

"आनि शेवटी गाणं जुळवताना?" मामाजींनी विचारलं. "तेव्हाही झाकूनच ऐकशील?"

इथे आमचं पहिल्यांदा पूर्ण जमलं. नुसतं झाकून नाही. बंद वाटीत आवाज मागच्या भिंतीवर आदळून परत येतो आणि कुठला तरी सूर फुगतो. शिवाय खोक्यावरचा 'स्टुडिओ' हा शब्द कोणत्याही मापाची हमी देत नाही. ७५०६ वरच्या सुरांत तिखट आहे आणि तेच त्याचं बळ, कारण तो चूक लपवत नाही. एम ५०एक्सला खर्ज थोडा वाढीव, म्हणून ऐकायला गोड. डीटी ७७० खाली भरलेला आणि वर चमकदार. एकेजीचा के ३७१ हा हार्मनच्या संशोधकांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून आखलेल्या रेषेच्या जवळ जातो, पण त्याचंही सगळं गादी नीट बसण्यावर. यातला एकही खोटा नाही, पण एकट्यावर निवाडा करू नये. मी जुळणी बंद हेडफोनवर करते, मग मामाजींच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या जुन्या पेटीस्पीकरवर ऐकते, मग मोबाइलवर. तीनही ठिकाणी भजनाचे शब्द कळले, तर काम झालं.

मंजिरीवरून मात्र आम्ही भांडलो. मामाजींना ती सतत कमी वाटत होती आणि ते वाढवायला सांगत होते. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, आणि यंत्रांच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचे ४००० हर्ट्झच्या आसपासचे सूर विशेष जातात. मंजिरीची धार तिथेच आणि त्याच्या वर असते. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मंग तुझा कान सांभाळ. जास्त वाजवून ऐकू नको." बंद हेडफोनचा हाच एक मोठा फायदा मी तेव्हा सांगितला: बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे आवाज कमी ठेवून ऐकता येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबलला तास निम्मे, म्हणजे ८६ वर फक्त १०. बसच्या प्रवासात उघडा हेडफोन लावणारा नकळत तिथे पोचतो.

गादीच्या कापडावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. नकली चामड्याची गादी घट्ट बसते, खर्ज धरते, पण मे महिन्यात अर्ध्या तासात कान भिजतात, आणि एक-दोन पावसाळ्यांत तिचे काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात. मखमली गादी गार, धुता येते, पण थोडी गळते. मामाजी मखमलीच्या बाजूचे, मी चामड्याच्या. वेगळ्या मिळणाऱ्या गाद्या असल्या की हा वाद घरातल्या घरात मिटू शकतो, एवढंच मी म्हणेन.

विकत घ्यायचं कुठून, हा प्रश्न इथे बिकट आहे. बालाघाट नव्वदेक किलोमीटर, आणि तिथेही कानाला लावून पाहायला हे हेडफोन असतीलच असं नाही. ऑनलाइन घ्यावं, तर ७५०६ च्या नकला बाजारात खूप आहेत. मी नागपूरला दुकानात चष्मा लावून, केस मोकळे सोडून, पाठ असलेलं एकच भजन सगळ्यांवर ऐकून पाहते. ते ज्याला शक्य नाही, त्यानं निदान परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावं आणि तळव्यांची परीक्षा पहिल्याच संध्याकाळी करावी.

शेवटी यादी अशी झाली. एक महागडा एम ५०एक्स घ्यायचा माझा बेत होता, तो मामाजींनी मोडला. त्याऐवजी माझ्यासाठी ८० ओहमचा डीटी ७७०, मखमली गादीसकट, आणि गाणाऱ्यांसाठी स्वस्तातला एम २०एक्स, कारण तो हातोहात फिरणार, पडणार, तुटणार. सोबत चार वाटांचा ॲम्प्लिफायर. एम २०एक्सची तार पक्की आहे, यावर मामाजी खूश. त्या तारेत ते एक लहानसं स्विच बसवणार आहेत, एक वाटी मुकी करायला, म्हणजे गाणारा ती कानामागे सरकवू शकेल आणि माइकमध्ये ठेका जाणार नाही. मी फक्त एक अट घातली: एक वाटी बंद ठेवायची, तर कानात जाणारा आवाज दोन्हीकडे सारखा सोडावा लागेल, नाही तर दुसऱ्या बाजूला ठेवलेलं वाद्य गाणाऱ्याला ऐकूच येणार नाही. ते त्यांना लगेच पटलं. स्विच कोणत्या वाटीला, यावर थोडी चर्चा झाली. आमचे तबलजी गाणाऱ्याच्या उजवीकडे बसतात, तेव्हा उजवा कान मोकळा हवा. म्हणून स्विच उजव्या वाटीला. सोल्डर करण्याआधी टोक जाळायचं आहे, हे मामाजींनी मला पुन्हा एकदा बजावलं.